न मिळालेल्या वस्तूचा भाव

मंगळवार हा भावताईचा औषधांच्या दुकानांचा वार. सोमवारी किराणा, मंगळवारी औषधं, बुधवारी कपडे-चपला, आणि गुरुवारी ऑफिसात बसून ते सगळे भाव संगणकात भरायचे. सत्तावीस वर्षं हाच रतीब. सरकारच्या आकडेवारी खात्यात माणसं चिक्कार, पण दुकानोदुकानी जाऊन 'हे केवढ्याला, ते केवढ्याला' विचारणारी थोडी. बाकीचे फोनवर उरकतात. भावताईला ते पटायचं नाही. फोनवर माणूस वाट्टेल ते सांगतो, फळीवरची वस्तू खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं. सत्तावन्नाव्या वर्षी गुडघे कुरकुरत होते, पण गुडघ्यांना कोण विचारतो!

भावताई हे नाव औषधवाल्यानं ठेवलेलं. बाई दर मंगळवारी येते, एकसष्ट औषधांचे भाव विचारते, वहीत टिपते आणि साधी बामची डबीसुद्धा न घेता चालू लागते, म्हणून भावताई. पुढं ते नाव अख्ख्या बाजारानं उचललं आणि शेवटी ऑफिसातही तेच झालं.

"या भावताई," त्या मंगळवारी औषधवाला स्टुलावरून न उठता म्हणाला. "आज असं करा, काय आहे तेवढंच विचारा. लवकर आटपेल."

"यादी आहे तशी विचारावी लागते."

"विचारा बापडं."

ती एकेक नाव वाचत गेली. तो एकेकाला मान हलवत गेला. एकविसाव्या नावाशी ती थांबली. "फिटच्या गोळ्या?"

"चौदा महिने झाले, भावताई. तुम्ही विचारता, मी नाही म्हणतो. आता तर तुम्ही तोंड उघडायच्या आधीच माझी मान हलते. घरी बायको विचारते, मानेला काय झालंय म्हणून."

भावताईनं वहीत लिहिलं, अडतीस.

आता कुणी म्हणेल, जी वस्तू दुकानात नाहीच तिचा भाव कसला लिहितेस बाई? तर त्याला नियम आहे. वस्तू फळीवर नसेल तर तिचा शेवटचा माहीत असलेला भाव लिहायचा. नियम काही वेडगळ नाही. साबणाची गाडी एक आठवडा उशिरा आली म्हणून साबण काही फुकट झाला नाही. तीन महिने वस्तू दिसलीच नाही तर तिच्याऐवजी दुसरी धरायची, असाही नियम होता. पण निर्बंध आले आणि मोठ्या साहेबांनी एक परिपत्रक काढलं: बदली वस्तू धरू नये, परिस्थिती सुरळीत होईपर्यंत जुनाच भाव पुढं चालवावा. रकाना मोकळा सोडायचीही सोय नव्हती, संगणक पुढं जाऊ द्यायचा नाही. म्हणून अडतीस. तिच्या पहिल्या साहेबांनी मात्र तिला एक शिस्त लावली होती. जे डोळ्यांनी पाहिलं नाही, त्या आकड्याशेजारी पेन्सिलीनं टिंब द्यायचं. ते म्हणायचे, सरकारला काय सांगायचं ते सांग, स्वतःला फसवू नकोस. ते साहेब गेले, पण टिंब राहिलं. वहीतच राहायचं ते, संगणकात त्याला जागा नव्हती.

निर्बंध कशापायी आले हे सांगत बसलं तर दिवस मावळेल. थोडक्यात, इथल्या राज्यकर्त्यांनी काही उद्योग केले, ते बाहेरच्या बड्या देशांना खपले नाहीत, आणि त्यांनी ठरवलं की हे वठणीवर येईपर्यंत या देशाशी कुणी पैशाचा व्यवहार करायचा नाही. औषधांना मुभा होती हां, कागदावर. पण औषधाचे पैसे पाठवायला गेलं की बाहेरची प्रत्येक बँक हात वर करायची. उगाच नसती ब्याद कशाला? आणि इकडं सरकार म्हणे, आमचं झकास चाललंय, आम्ही कुणापुढं हात पसरणार नाही. आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशातली गत. चार वर्षं झाली. राज्यकर्ते होते तिथंच आहेत, वजनानं थोडे वाढलेच असतील.

फारच ओरड झाली तेव्हा बाहेरच्यांनी एका बँकेत औषधांसाठी एक खिडकी उघडली. पण तीही सरसकट नाही, यादी बघून. ज्या औषधाचा भाव वर्षात दुप्पट झाला ते यादीत चढणार, त्याचे पैसे खिडकीतून जाणार आणि ते औषध देशात येणार. फिटच्या गोळ्या यादीत नव्हत्या. का नव्हत्या, याचा भावताईनं कधी विचार केला नव्हता. तिचं एक डोकं ऑफिसात असायचं आणि एक घरी, आणि दोन्ही इतकी शिणलेली की एकमेकांची विचारपूस करायचं त्राण नव्हतं.

घरी वन्सं होत्या. सहा वर्षांपूर्वी नवरा गेला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत भावताई आणि तिची थोरली नणंद अशा दोघी उरल्या. वन्संचं वय त्रेसष्ट. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवलेला. पाठीचा कणा फुटपट्टीसारखा, जीभही तशीच. एकोणिसाव्या वर्षापासून त्यांना फिट यायची. सकाळ-संध्याकाळ एक गोळी, की दुखणं गपगुमान बसून राहायचं. शाळेत कुणाला, अगदी शिपाईणबाईलासुद्धा, एकतीस वर्षांत त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. लग्न केलं नाही ते त्यापायीच, असं नवरा एकदा म्हणाला होता. वन्संना विचारायची कुणाची छाती नव्हती.

आता गोळी अर्धी झाली होती. दुकान रिकामं झाल्यावरही औषधवाल्यानं जुन्या साठ्यातली पाकिटं वन्संसाठी बाजूला काढून ठेवली होती, भला माणूस. पण तीही संपत आली. गेल्या महिन्यात तीन फिट आल्या. दुसरी गोळी बदलून द्यावी तर तीही देशात नव्हती. डॉक्टरांनी भावताईला बाहेर बोलावून सांगितलं होतं, गोळ्या एकदम बंद झाल्या तर फिटवर फिट येईल आणि त्यातून माणूस उठेलच असं नाही. त्या मंगळवारी घरी आल्यावर भावताईनं डबीतली अर्धुकं मोजली. चौपन्न. सत्तावीस दिवस.

"मोजलीस?" वन्सं आतून म्हणाल्या. "मीही मोजलीत. दोघींनी मोजून वाढत नाहीत ती."

गुरुवारी ती ऑफिसात भाव भरत बसली असताना मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं. "पाहुण्यांना तुम्हाला भेटायचंय."

पाहुणे म्हणजे बाहेरच्यांनी पाठवलेला आढावा घेणारा माणूस. दर दोन वर्षांनी असा एक यायचा. निर्बंध ज्यांना लागायला हवेत त्यांना लागतायत ना, आणि गरिबाला चटके बसत नाहीत ना, हे तपासून तो अहवाल द्यायचा. या वेळचे पाहुणे पन्नाशीचे, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, कोटाचं एक बटण तुटलेलं. त्यांची आई इथलीच, लहानपणी देश सोडून गेलेली. त्यामुळं त्यांना भाषा यायची, पण आईच्या काळातली. ऑफिसातल्या पोरी त्यांचं बोलणं ऐकून तोंडाला रुमाल लावायच्या.

"बाई, तुमचं फार नाव ऐकलं," ते म्हणाले. "पाच देश हिंडलो, इतकी स्वच्छ आकडेवारी कुठं दिसली नाही. एक रकाना मोकळा नाही हो!"

भावताईला बरं वाटलं. का वाटू नये? सत्तावीस वर्षांत कुणी चहा तरी पाजला होता का?

पाहुण्यांनी पडद्यावर रेघा दाखवल्या. खाण्यापिण्याच्या वस्तूंच्या रेघा वर चढत होत्या, खाली येत होत्या, पुन्हा चढत होत्या. औषधांच्या रेघा मात्र शांत. "बघा. निर्बंधांची घडण बरोबर बसलीय. औषधांना दिलेली मुभा लागू पडतेय. दुप्पट भाव कशाचाच झाला नाही, तेव्हा यादी वाढवायची गरज दिसत नाही. सोमवारी माझा अहवाल जाईल."

मोठे साहेब मान डोलावत होते. देशात औषधं मुबलक आहेत असं त्यांचे वरिष्ठ रोज सांगत होतेच, आता बाहेरचाही तेच म्हणतोय. तिकडच्यांना ती रेघ हवी होती, इकडच्यांनाही तीच हवी होती. जगात दुसऱ्या कशावर एकमत होत नव्हतं त्या दोघांचं.

"ही खालची कशाची?" भावताईनं विचारलं.

"ही? फिटच्या गोळ्या. सगळ्यांत सरळ. चौदा महिने अडतीस. माझ्या देशातसुद्धा असा भाव स्थिर राहत नाही."

ती रेघ तिनं काढली होती. एकेका मंगळवारी, स्वच्छ अक्षरात. औषध यादीत का चढत नाही? तर भाव वाढत नाही. भाव का वाढत नाही? तर ती वाढू देत नाही. ती 'हो, हो' म्हणत बाहेर आली आणि जिन्यात पायरीवर बसली. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की वरून कुणी आलं तर उठायचंही सुचलं नसतं.

रात्रभर तिनं कूस बदलली असं वगैरे काही नाही. दमली होती, झोपली. पण सकाळी उठली ती ठरवूनच. चौदा महिन्यांच्या वह्या पिशवीत भरल्या आणि ऑफिसात गेली.

पॅसेजमध्ये मोठे साहेब भेटले. त्यांनी पिशवीकडं पाहिलं. "काय आहे त्यात?"

"वह्या."

साहेब काही वाईट माणूस नव्हता. परिपत्रक त्यांनी काढलं होतं, पण त्यांच्याकडून ते वरच्या कुणीतरी काढवून घेतलं असणार. "तुमच्या पेन्शनला किती राहिलेत?"

"आठ महिने."

"हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, भावताई. शेपटासाठी कशाला..." ते थांबले. "मी तुम्हाला पाहिलं नाही. पिशवी तर मुळीच पाहिली नाही."

पाहुण्यांना खात्यानं तळमजल्यावरची एक बिनखिडकीची खोली दिली होती. ते कागदावर पाव ठेवून खात होते. भावताईनं वह्या टेबलावर मांडल्या आणि टिंबांचा सगळा इतिहास सांगितला. पाव तसाच राहिला. दोन तास ते बोट फिरवत टिंबं मोजत होते. एकसष्टांतल्या त्रेचाळीस औषधांपुढं टिंब होतं.

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बाई, टिंबवाली काढून टाकली तर अठरा औषधं उरतात."

"हो."

"त्या अठरांचा भाव स्थिर आहे. ती इथंच बनतात."

"मग?"

"मग उत्तर तेच येतं."

भावताईला वाटलं, आपलं ऐकण्यात चुकलं. "अहो, पण त्रेचाळीस औषधं दुकानात नाहीतच!"

"ज्याला भाव नाही ते माझ्या तक्त्यात बसत नाही. पद्धतच तशी ठरवलीय. भाव दुप्पट झाला का, एवढंच विचारायचं."

"म्हणजे मेलेल्यांना विचारायचं, दुखतंय का? आणि कुणी हो म्हणालं नाही, की लिहायचं सगळे ठणठणीत!" तिचा आवाज चढला. "कसली हो तुमची पद्धत? मी अडाणी बाई, परिपत्रकाला घाबरून आकडे भरले. तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हाला एकदाही वाटलं नाही, दुकानात जाऊन फळी बघावी?"

पाहुणे रागावले नाहीत. रागवायलाही अंगात जोर लागतो. "वाटलं होतं, पहिल्या देशात," ते म्हणाले. "परवानगी मिळाली नाही. दुसऱ्या देशात वाटायचं बंद झालं."

त्यांनी एक वही पुन्हा जवळ ओढली. "एक वाट आहे. अहवालाला परिशिष्ट असतं. त्यात एखाद्या घराची हकिकत जोडता येते. औषध मिळत होतं तेव्हा काय, मिळेना तेव्हा काय, महिन्यानुसार, खाली डॉक्टरांची सही. ती असली तर टिंबांनाही वजन येईल. मी लिहू शकेन की यादी भावावर नको, टंचाईवर करा. असं एखादं माणूस आहे ओळखीत?"

"आहे," भावताई म्हणाली. घरी जाऊन हे बोलायचं कसं, याची वाक्यं ती जिना चढतानाच जुळवायला लागली.

शनिवारी दुपारी तिनं वन्संना सगळं सांगितलं. अडतीसपासून. वन्सं खुर्चीत ताठ बसून ऐकत होत्या.

"म्हणजे दर मंगळवारी तू माझी गोळी दुकानात ठेवून येत होतीस," त्या म्हणाल्या. "आणि बुधवारी सकाळी इथं सुरीनं तिचे तुकडे करत होतीस."

"चुकलं माझं, वन्सं."

"चुकलंच."

मग भावताईनं अहवालाला जोडायच्या कागदाचं विचारलं. वन्संच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. "नाही. एकतीस वर्षं मी ते कुणाला कळू दिलं नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये अंग शिरशिरायला लागलं की फळा पुसायच्या निमित्तानं पाठ फिरवून उभी राहायचे. आणि आता चार परक्या बाप्यांना लिहून देऊ, मी कुठं कुठं पडले?"

"नाव नसतं त्यात."

"मला माझं नाव ठाऊक आहे ना!"

विषय संपला. रविवारी सकाळी भावताई भाजी घेऊन आली तर टेबलावर वन्संची जुनी फुटपट्टी, दोन रंगांच्या पेन्सिली आणि एक मोठा कागद. वन्संनी तक्ता आखला होता. वर शीर्षक, खाली सूची, नकाशाला असते तशी. महिना, गोळ्या, फिट, ठिकाण. अक्षर छापल्यासारखं.

"शब्द एक बोलू नकोस," वन्सं म्हणाल्या. "वाच आणि चूक असेल तर सांग."

भावताई वाचत गेली. पहिले दहा महिने शून्य. मग गोळी अर्धी. एक. दोन. तीन. या महिन्यात सात. तिनं पुन्हा वाचलं. पलंग, जिना, स्वयंपाकघर, स्वयंपाकघर, जिना.

"सात? वन्सं, या महिन्यात एकच झाली ना? सोमवारची?"

"तुला दिसलेली एक."

"आणि बाकीच्या?"

"तू बाजारात असतेस तेव्हा." वन्संनी पेन्सिलींना टोक काढायला घेतलं. "उगाच सांगून काय करणार? तू काम सोडून घरी बसली असतीस. मग दोघींनी खायचं काय?"

भावताई मटकन खाली बसली आणि रडली. वन्संनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "पुरे. कागदावर पाणी पडेल."

सोमवारी सकाळी डॉक्टरांची सही घेऊन तिनं तो कागद पाहुण्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उभ्यानंच वाचला. मग बसून पुन्हा वाचला. "मी दिसतंय तसं लिहितो," ते म्हणाले, "शब्द देतो." आणि माणसानं शब्द पाळला, त्याला दोष देता येणार नाही.

पुढच्या आठवड्यात भावताईची बदली जुन्या कागदांच्या खोलीत झाली. कारण लिहिलं होतं, गुडघेदुखी. तिच्या जागी एक तरुण मुलगी आली, ती सगळे भाव फोनवर विचारते. मोठे साहेब जिन्यात भेटले की भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचे. भावताईला त्याचं काही वाटलं नाही. आपण एकदा तरी खरं ते सांगितलं, एवढ्यानं तिची पाठ थोडी हलकी झाली होती. घरी अर्धुकं कमी होत होती. ती रोज मनाशी म्हणायची, यादी झाली की खिडकीतून पैसे जातील, दहा-बारा दिवसांत पाकीट येईल, निभेल.

अर्धुकं मोजल्याच्या एकविसाव्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी, पाहुण्यांचा फोन आला. डबीत बारा अर्धुकं होती.

"बाई, तुमचे आकडे मान्य झाले," ते म्हणाले. "सगळे. टिंबंसुद्धा. कुणी एक प्रश्न विचारला नाही."

"देव तुमचं भलं करो! मग यादी?"

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला.

"म्हणाले, चार वर्षांत पहिल्यांदाच पक्का पुरावा मिळाला. निर्बंधांचा दाब आतपर्यंत पोचतोय. म्हणजे ते लागू पडतायत. अशा वेळी ढिलं करायचं नाही. मुदत वाढवली. यादीचं पुढच्या आढाव्यात बघू, म्हणाले."

"पुढचा आढावा दोन वर्षांनी."

"हो."

भावताई भिंतीला टेकली. "आणि तुम्ही पहिलाच अहवाल पाठवला असता तर? सरळ रेघेचा?"

"तर म्हणाले असते, त्रास नाहीच, मुदत वाढवा."

"मग मला एक सांगा. मी त्या वहीत काय लिहिलं असतं म्हणजे गोळ्या आल्या असत्या?"

"पंधरा वर्षं हे काम करतोय, बाई," पाहुणे म्हणाले. "मला ठाऊक नाही."

तिनं फोन ठेवला. वन्सं दारात उभ्या होत्या. त्यांच्यापुढं लपवायची तिच्यात ताकद नव्हती, तिनं जसं होतं तसं सांगितलं. वन्संनी नीट ऐकलं, आणि त्यांना हसू आलं. खरंखुरं, पोटातून.

"म्हणजे माझ्या फिट त्यांना पसंत पडल्या म्हणायच्या."

"वन्सं, असं नका ना बोलू."

"मग कसं बोलू?" हसू थांबलं. त्या खुर्चीत बसल्या. बसताना त्यांनी टेबलाची कड धरली, हे भावताईनं पाहिलं. "माझा कागद परत मागव. त्यांचं काम झालंय ना? मला तो तिथं नकोय. आत्ता लाव फोन."

भावताईनं फोन लावला. पाहुण्यांनी लगेच उचलला.

"कागद?" ते म्हणाले. "बाई, तो छापला गेला. परिशिष्ट सात. नाव नाही, 'स्त्री, वय त्रेसष्ट' एवढंच. तक्ता इतका नेटका होता की पुन्हा टाइप केला नाही, त्यांच्या अक्षरातच छापलाय. चाळीस देशांत प्रती गेल्या. प्रशिक्षणातही वापरणार आहेत, हकिकत कशी मांडावी याचा नमुना म्हणून." मग घाईनं म्हणाले, "मला वाटलं, त्यांना बरं वाटेल."

"बरं," भावताई म्हणाली आणि फोन ठेवला. वन्संकडं वळायच्या आधी तिनं फोनची वायर उगाच सरळ केली.

"काय म्हणाले?"

"फाडला."

"फाडला?"

"काम झालं की फाडतात म्हणाले. तसा नियमच आहे."

वन्सं तिच्याकडं बघत राहिल्या. एकतीस वर्षं पन्नास-पन्नास पोरींच्या वर्गात कुणी गृहपाठ केला नाही हे वही न उघडता ओळखलेली बाई. भावताईनं नजर खाली घातली नाही. तेवढंच तिला करता आलं.

"बरं झालं," वन्सं म्हणाल्या.

बाहेर कुणीतरी जिन्यानं वर गेलं. वन्संनी मांडीवरचा पदर सारखा केला, पुन्हा सारखा केला.

"ऐक," त्या म्हणाल्या. "उद्यापासून मी अंघोळीला आतून कडी लावणार नाही. तू जवळपास राहा."

"राहीन."

"दार नुसतं लोटलेलं असेल. आवाज आला तरच आत ये. उगाच डोकावायचं नाही."

"नाही डोकावणार," भावताई म्हणाली.